शेगडीचे डॉक्टर

आमच्या मंगळवार पेठेत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. शेगडीचे डॉक्टर म्हटलं की टांगेवालासुद्धा बरोबर त्यांच्या दारात नेऊन सोडायचा. रोग्याच्या घरी आले की ते आधी रोग्याकडं जायचे नाहीत, शेगडी मागायचे. निखारे फुललेली शेगडी पुढ्यात आली की कोटाच्या बाह्या मागं सारून दोन्ही तळवे तिच्यावर धरून बसायचे. भर वैशाखातसुद्धा. घरातली माणसं घाईला आलेली असायची, पण यांचं आपलं हात उलटसुलट करणं चालूच. "गार हात लागला की पोट घाबरतं," ते म्हणायचे, "आणि घाबरलेलं पोट मला काही सांगत नाही."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते स्वयंपाकघराच्या दाराआडून. कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझं लग्न होऊन थोडे दिवस झाले होते, मूलबाळ नव्हतं. आमचे हे सिनेमाच्या स्टुडिओत सुतार होते. राजवाडे, देवळं, तुरुंग असं काय काय उभं करायचे. अंगानं दणकट माणूस, पण त्या वर्षी जेवण तुटलं. विजारीची नाडी रोज आणखी आवळावी लागायची. बरगडीच्या खाली दगड ठेवल्यासारखं जड वाटतं म्हणायचे, आणि संध्याकाळी अंग कढत व्हायचं.

लहानपणी ह्यांना हिवताप होऊन पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. म्हणून घरच्यांनी ठरवलं की जुनी पानथरीच पुन्हा उठली. पानथरीवर आमच्याकडं एकच उपाय, पोटाला डाग द्यायचा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी ह्यांना एस्टीत घातलं आणि गडहिंग्लजच्या बाजूला एक म्हातारी होती, तिच्याकडं नेलं. तिनं विळ्याचं टोक लाल करून पोटावर रेघा ओढल्या. डाग भरून आले, पण जडपणा हलला नाही. उलट पोट वर दिसायला लागलं. मग मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेगडीच्या डॉक्टरांना घेऊन आले.

हात शेकून झाले तसे डॉक्टर खाटेच्या उजव्या अंगाला बसले. ह्यांच्या अंगातला सदरा वर केला आणि नुसतं बघत राहिले. मग विचारलं, "मिस्त्री, दुखतं कुठं?"

ह्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "हितं."

"आणि डाग तर डावीकडं दिसतात."

"ती म्हातारी म्हनली, पानथरी डावीकडंच असतीया. तिला डावीकडचंच यत हुतं."

डॉक्टर मोठ्यानं हसले. दुसरा कुणी डॉक्टर असता तर त्यानं आत्याबाईंना चारचौघांत अडाणी ठरवलं असतं. हे डॉक्टर डागावरून बोट फिरवून म्हणाले, "रेघ सरळ ओढलीय मात्र बाईनं. तुम्ही फळीवर मारता तशी."

मग त्यांनी ह्यांना विचारलं, सिनेमातला राजवाडा कसा करतात. मला वाटलं, हे काय विचारणं झालं! पण ह्यांना तेवढंच पुरे होतं. "काय न्हाय डाक्टर, फळकुटं आन् गोणपाट. वरनं चुना मारायचा. फुडनं बघितला तर राजा ऱ्हातोय वाटंल, म्हागनं बघितला तर कुत्रं बी बसायचं न्हाय." हे सांगत होते आणि डॉक्टरांचा हात पोटावर हळूहळू पुढं सरकत होता. पुढं कधी तरी ते म्हणाले होते, माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की त्याचं पोट आपोआप सैल पडतं. तो हात मी बघत होते. आंधळा माणूस ओळखीच्या माणसाच्या तोंडावरून हात फिरवतो तसा तो हात होता. एका जागी थांबला, परत गेला, पुन्हा तिथंच आला.

नंतर त्यांनी कानाला नळी लावली, पण छातीला नाही, पोटाला. बाहेर कल्हईवाला ओरडत होता, त्याला गप्प करायला मामंजींना पाठवलं. पोटात ऐकण्यासारखं काय असतं, मला कळेना. घरात इतकं सामसूम झालं की चुलीवरचं आधण ऐकू यायला लागलं. डॉक्टर डोळे मिटून ऐकत बसले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

मामंजींनी त्यांना बाहेर सोप्यात बोलावलं. पुरुषांनी सोप्यात बसायचं, कुजबुजायचं, मग रोग्याला काय सांगायचं ते ठरवायचं, अशीच रीत होती सगळीकडं. डॉक्टर जागचे हलले नाहीत.

"इथंच बोलतो. मिस्त्रींची बायको कुठं आहे?"

"ती आत हाय. तिला काय कळतंय, डाक्टर? बाईमाणूस."

"ज्याच्या पोटात आहे तो, आणि जी त्याला घास भरवणार ती, ह्या दोघांना सोडून बाकी पेठेला मी सांगत फिरू?"

मामंजींपुढं असं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी पदर पुढं ओढून उंबऱ्याशी येऊन उभी राहिले. डॉक्टर माझ्याकडं बघून बोलायला लागले, हळू आणि नीट. मी पाचवीत गेले असते तर शाळेत मास्तरांनी मला असंच समजावलं असतं.

ते म्हणाले, "ताई, ही पानथरी नाही. हे लिव्हर आहे. लिव्हर एवढं वाढतं त्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे आत पू साठलेला असतो. तसं असलं तर इंजेक्शनं द्यायची, सुई घालून पू ओढून काढायचा, माणूस उठून कामाला जातो. दुसरं म्हणजे लिव्हरलाच गाठ झालेली असते. कॅन्सर म्हणतात तो. तसं असलं तर माझ्याकडंही औषध नाही आणि मुंबईतही नाही. मला हाताला गाठ लागते. आतून रक्त घोंघावल्यासारखा आवाजही येतो, तो यायला नको. पण पू असलेली माणसं मी जास्त पाहिलीत, आणि माझा हात चुकावा अशी माझी इच्छा आहे. आधी इंजेक्शनं देऊ. मग सुई घालून बघू."

मामंजी म्हणाले, "आन् पू हाय ह्ये कळायचं कसं?"

"काकवीसारखं तांबडं, दाट काही आलं तर तो पू. मग मी तुमच्याकडं पेढे मागणार."

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसेल. आम्ही सगळी पू मागायला लागलो. आत्याबाई अंबाबाईला गेल्या, जोतिबाला नवस बोलल्या. शेजारची काकू विचारायची, "काय मागितलासा देवीजवळ?" आणि आत्याबाई सांगायच्या, "पू." काकू बघतच राहायची. मामंजी गुळाच्या अडतीवर कामाला होते, ते तिथल्या काकवीच्या डब्याला नमस्कार करून यायचे. ह्यांना हे कळलं तेव्हा इंजेक्शनाचं दुखणं विसरून हसले. "जगात कुनी लेकाच्या पोटात पू मागितला नसंल. आमचा बाप मागतोय, त्ये बी काकवीचा."

सुई घालायच्या दिवशी डॉक्टर दुपारचे आले. स्टोव्हवर पातेल्यात सुया उकळल्या. सुई माझ्या विणायच्या सुईएवढी लांब होती. ह्यांना खाटेच्या कडेला उताणं निजवलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, ह्यांचा उजवा हात डोक्यावरून घेऊन घट्ट धरा. हलता कामा नये." सासू-सासऱ्यांसमोर, दिवसाउजेडी, नवऱ्याचा हात हातात घ्यायचा! मी मामंजींकडं बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. मामंजींनी मान फिरवली. मी हात धरला.

सुई आत गेली. ह्यांनी माझी बोटं इतकी आवळली की बांगडी पिचली. डॉक्टरांनी मागचा दट्ट्या ओढला. आम्ही सगळी त्या काचेच्या नळीकडं बघत होतो. काकवी दिसली नाही. लालभडक रक्त वर चढलं.

डॉक्टरांनी लगेच सुई काढली आणि त्या जागेवर तळहात दाबून धरला. रक्त आत वाहू नये म्हणून दाबून बसणं भाग होतं, हे मला मागाहून समजलं. ते हात न उचलता तसेच बसून राहिले. पाठ अवघडली, घाम नाकावरून खाली आला, तो पुसायलाही हात काढला नाही. बाहेर ऊन कलत गेलं तरी तसेच. आपल्या पोटच्या पोराला कुणी इतका वेळ धरून बसणार नाही.

मग हेच बोलले. "डाक्टर, काकवी आली न्हाय की."

"नाही आली."

"म्हंजे ती दुसरीच भानगड."

"हो."

आत्याबाई खाली बसल्या. मामंजी म्हणाले, "मिरजंला नेतो. लागंल त्यो खर्च करतो."

"जरूर न्या. मी चिठ्ठी देतो. माझं चुकलं असलं तर तिथले सांगतील, आणि चुकलेलं मला आवडेल. पण कापून काढता येईल अशी ही गाठ नाही. सगळ्या लिव्हरभर आहे."

ह्यांनी छताकडं बघत विचारलं, "आता हे गणपती झाले. दसऱ्याला मी हाय?"

मला वाटलं, आता तरी डॉक्टर काही गोड बोलतील. सगळे बोलतात. देव हाय, हुईल बरं, असं म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "दसऱ्याला आहात. दिवाळीला अंथरुणावर असाल. संक्रांतीचं मी कबूल करत नाही."

ह्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलासा. न्हायतर मी आपला कामावर कवा जायचं ह्येच इचारत बसलो असतो."

मिरजेला नेलं. तिथं फोटो काढले, तपासलं, पोटातला बारीकसा तुकडा काढून बघितला. मामंजी परत आले आणि टोपी काढून खुंटीला लावत एवढंच म्हणाले, "तितं बी त्येच म्हनले." नुसत्या हातानं आणि कानानं डॉक्टरांना आत काय आहे ते दिसलं होतं. मला त्यांची भीतीच वाटायला लागली. देवाची वाटते तशी.

आम्ही मिरजेहून आल्यावर डॉक्टरांनी जे औषध सांगितलं ते ऐकून तर आत्याबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. दुखण्यावर पुड्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, आणि मग म्हणाले, "दुपारची जेवणं झाली की चहापर्यंत ह्या खोलीत मिस्त्री आणि ताई, दोघंच. दार लोटून घ्यायचं. कुणी हाक मारायची नाही, कुणी काही मागायला जायचं नाही."

आत्याबाई म्हणाल्या, "दिवसाढवळ्या दार लावून? लोक काय म्हनतील?"

"लोकांना माझ्याकडं पाठवा."

"आन् आत करायचं काय दोघांनी?"

"बोलायचं. लग्न झाल्यापासून ही दोघं उजेडात एकमेकांशी किती बोललीत ते तुम्हीच सांगा, आई."

आत्याबाई पडलेलं सूप उचलायला वाकल्या. खरंच होतं ते. आमच्या घरात नवरा-बायकोनं दिवसा समोरासमोर बोलायचं नाही, ह्यांना पाणी हवं असलं तरी ते आईला सांगायचे आणि आई मला. रात्री दमून निजायचं. डॉक्टरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण जसं पोट चाचपलं तसं त्यांनी आमचं घरही चाचपलं होतं.

पहिल्या दुपारी आम्ही दोघं भिंतीकडं बघत बसलो. बोलायचं कसं तेच माहीत नव्हतं. मग हे म्हणाले, "तुला वाचाय येतंय न्हवं? वाच की कायतरी." मी पुड्यांच्या कागदावरचं वाचून दाखवलं. तिसऱ्याचौथ्या दुपारी मी कोडोलीच्या शाळेतलं सांगितलं, चौथीला माझा पहिला नंबर आला आणि त्याच आठवड्यात वडिलांनी शाळा सोडवली, ते. हे उठून बसले. म्हणाले, "पयला नंबर? आन् ह्ये मला आज कळतंय?" मग त्यांनी सांगितलं की त्यांनी बांधलेल्या राजवाड्यात मला एकदा उभं करून बघायचं त्यांच्या मनात होतं, पण आईला विचारायची लाज वाटली. आम्ही दोघं किती लाजत होतो ते तेव्हा कळलं. घरात आत्याबाईंच्या खालची मी, म्हणून सगळे मला धाकटी म्हणायचे. त्या खोलीत हे मला नावानं हाक मारायला लागले. हौसा. माहेर सुटल्यापासून ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. दाराबाहेर आले की मी पुन्हा धाकटी.

डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. हात शेकायचे, पोट बघायचे आणि पुढं काय होणार ते मला सांगून जायचे. "आता पाय सुजतील. घाबरायचं नाही, पायाखाली उशी द्या." पाय सुजले. "पोटात पाणी होईल. फार ताण बसला तर मी काढून देईन." तसंच झालं, त्यांनी ते काढलं. "डोळे पिवळे होतील." झाले. शेजारणी म्हणाल्या, कावीळ झाली, माळ घाला, चुन्याच्या पाण्यात हात धुवा. मी पहिल्यांदा शेजारणींना उत्तर दिलं. म्हटलं, ही कावीळ तसली नाही, हे होणार होतं. "शेवटी दिवसा झोपतील, रात्री जागतील, मग झोपच जास्त येईल. झोपेतच जातील. दुखू मी देणार नाही. दुखलं की कुठल्याही वेळी बोलवायचं." एखादा माणूस अनोळखी वाटेवर पुढं चालतो आणि मागं वळून सांगतो, इथं खड्डा आहे, इथं पाणी आहे. खड्डे चुकत नाहीत, पण पाऊल सावध पडतं.

दिवाळी अंथरुणावरच गेली. मार्गशीर्षात हे गुंगीत गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. एका सकाळी डोळे मिटलेलेच होते आणि हे मोठ्यानं बोलले, "हौसा. अगं हौसा." सगळी चमकली. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "भरमात बडबडतुया बगा." मी भांडी घासत होते तिथंच थिजले. एवढ्या माणसांतून कशी जाणार?

डॉक्टर खाटेशीच बसले होते. म्हणाले, "भ्रम नाही, हाक आहे. ताई, या तुम्ही." पाहुण्यांनी वाट दिली. मी जाऊन हात धरला. त्या दिवशी संध्याकाळच्या आत हे गेले. झोपेतच.

आत्याबाईंचं मात्र वेगळंच झालं. ह्यांना न्हाऊ घालताना त्यांनी ते डाग बघितले आणि तिथून त्या गप्प झाल्या. रडल्या नाहीत. पाण्याचा थेंब घेतला नाही. सगळे समजावत होते, तुमचं काय चुकलं, तुम्ही बऱ्यासाठीच केलंसा. त्या ऐकून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. समजूत घालणारी माणसं समजूत घालणारच, हे त्यांना ठाऊक होतं. राख सावडून आले त्या दिवशीही त्या भिंतीला टेकून तशाच बसलेल्या होत्या. ओठ सुकून चिरले होते. मामंजी मला हळूच म्हणाले, "पोरगा गेला, आता ही बी जातीया."

दुपारी डॉक्टर आले. आत्याबाईंसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. बऱ्याच वेळानं आत्याबाईंनीच तोंड उघडलं.

"डाक्टर, तुमी खोटं बोलत न्हाईसा."

"नाही."

"मग सांगा. मी त्येला डाग द्याय नेला, त्यात दीस गेलं. पयल्या दिशी तुमच्याकडं आनला असता तर वाचला असता?"

मी मनात म्हटलं, डॉक्टर, आज एकदा तरी खोटं बोला.

डॉक्टरांनी घाई केली नाही. विचार करून म्हणाले, "डाग दिला नसता तर त्याला भाजल्याचं दुखणं झालं नसतं. तेवढं टाळता आलं असतं, आई. ते टाळायला हवं होतं. पण पहिल्या दिवशी आणला असता तरी मी नंतर सांगितलं तेच तेव्हा सांगितलं असतं, आणि तो ह्याच वेळेला गेला असता. ही गाठ बाहेर कळते तेव्हा उशीर झालेलाच असतो. तो तुमच्यामुळं गेला नाही."

आत्याबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. भाजल्याचं त्यांनी लपवलं नाही, म्हणून पुढचंही खरं आहे हे त्यांना पटलं असावं. मग त्या ओरडून रडल्या. पेठेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. डॉक्टर तसेच बसून राहिले.

रडणं निवल्यावर ते माझ्याकडं वळले. "ताई, चहा टाका. आईंना आणि मला."

मामंजी गडबडले. "डाक्टर, सुतक हाय. आमच्या घरचं पानी चालत न्हाय कुनाला. चूल बी पेटवली न्हाय."

"मला चालतं," डॉक्टर म्हणाले. "आणि चूल पेटवायला ताईंना येते."

सुतकाच्या घरात बाहेरचा माणूस चहा मागतो, तोही असा माणूस! मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "जा हौसा. गूळ जरा जास्त घाल, डाक्टरास्नी."